गाडी सुटताना थरथरते? क्लच सेट बदलण्याआधी काय तपासावे

तारकर्ली : पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला आणि गाडी पुढे सरकता सरकता सगळी बॉडी थरथरली. वेग पकडला की थरथर गायब. रिव्हर्स घेताना पुन्हा तोच प्रकार. गॅरेजमध्ये गेल्यावर मालवणीत तक्रार एका वाक्यात होते, 'गाडी सुटताना थरथरता.' समोरून उत्तरही बऱ्याचदा एका वाक्यात येते, 'क्लच प्लेट गेली, सेट बदलूचो लागतलो.'

हे उत्तर पुष्कळदा बरोबर असते, पण दर वेळी नाही. क्लच प्लेटपर्यंत पोचायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यामुळे पार्टच्या किमतीवर मजुरीचा मोठा खर्च चढतो आणि गाडी एक-दोन दिवस उभी राहते. तारकर्ली, वायरी, देवबाग या भागात गाडी नुसती घरची नसते. दिवाळीच्या सुट्टीपासून मे अखेरपर्यंत पर्यटकांची ने-आण, स्टेशनची भाडी, होम स्टेचे सामान हे सगळे तिच्यावरच चालते. ऐन सीझनमध्ये दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवसांचे भाडे बुडाले. नवा सेट टाकूनही महिनाभराने थरथर परत आली, तर तो खर्चही पाण्यात जातो.

थरथर नेमकी कधी येते एवढे नीट पाहिले, तरी दोष कुठे असेल याचा बराचसा अंदाज घरीच बांधता येतो. बाकीच्या तपासण्यांना फार हत्यारे लागत नाहीत.

क्लच नेमके काय करतो?

इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चक्र फिरत असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला चिकटून क्लच प्लेट बसते. प्लेटच्या दोन्ही बाजूंना ब्रेक लायनरसारखे घर्षणाचे अस्तर असते. तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट असते, ती स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय पेडलवर नसतो तेव्हा हे तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्समार्गे चाकांपर्यंत जाते.

पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला दाबते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. पेडल हळूहळू सोडताना मधला एक क्षण असा येतो की इंजिन जोरात फिरत असते, चाके जवळजवळ थांबलेली असतात आणि प्लेट मध्ये घासत असते. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. सगळी थरथर याच क्षणाची असते. प्लेट पूर्ण चिकटली की घासणे संपते, म्हणून वेगात गाडी गुळगुळीत चालते.

मग थरथर का येते?

हाफ क्लचमध्ये प्लेट एकसारखी घासत गेली पाहिजे. तसे न होता ती क्षणभर पकडते, क्षणभर सुटते आणि पुन्हा पकडते. हे एका सेकंदात अनेकदा घडते. पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार जमिनीला घासत कर्रकर्र करत, अडखळत उघडते, तसाच हा प्रकार. तो हादरा गिअरबॉक्स, एक्सल आणि इंजिनच्या माउंटिंगमधून सगळ्या गाडीत पोचतो.

पकड अशी तुटक होण्याची कारणे तीन गटांत बसतात. प्लेटवर किंवा फ्लायव्हीलवर तेल, गंज, चकाकी असे काहीतरी बसलेले असते. नाहीतर एखादा भाग वाकलेला, झिजलेला किंवा वाकडा बसलेला असतो. तिसऱ्या गटात क्लच ठीक असतो, पण इंजिन धरून ठेवणारे माउंटिंग सैल झाल्याने साधा धक्काही मोठा होऊन जाणवतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये माउंटिंगला 'फाउंडेशन' असेही म्हणतात. हा तिसरा गट गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतो आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो.

थरथर कधी येते, त्यावरून ओळख

सकाळी पहिल्या दोन-चार वेळाच थरथरते, नंतर दिवसभर काही नाही : रात्रीच्या दमट हवेने फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर धरलेला असतो. गाडी चार वेळा सुटली की तो घासून निघतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगत हे नेहमीचे आहे. यासाठी सेट बदलायची गरज नाही.

थंड असताना ठीक, पण घाट चढल्यावर किंवा बाजारातल्या गर्दीत अडकल्यावर थरथरते : क्लच तापलेला आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर उष्णतेने निळसर काळे डाग पडले असण्याची, प्लेटचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाल्याची किंवा प्रेशर प्लेट वाकल्याची शक्यता असते.

सकाळ, दुपार, चढ, सपाट, सगळीकडे थरथरते आणि दिवसेंदिवस वाढते : प्लेटवर तेल उतरले असावे, नाहीतर झीज शेवटाला आली असावी.

गाडी उभी, गिअर न्यूट्रल, तरी बॉडी हलते : हा क्लचचा दोष नाही. इंजिन 'मिसिंग' करत असेल किंवा माउंटिंग गेले असेल.

सत्तर-ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरते : यातही क्लच नाही. व्हील बॅलन्सिंग, टायर किंवा रिम पाहावी. ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर ब्रेक डिस्क किंवा ड्रम तपासावा.

नवा सेट टाकल्याबरोबर थरथर सुरू झाली : अगदी हलकी असेल तर पहिले काहीशे किलोमीटर गाडी हळुवार चालवल्यावर प्लेट बसते आणि थरथर जाते. जोरात असेल तर बसवण्यात चूक आहे किंवा जुने कारण तसेच राहिले आहे.

अंगणात करता येणाऱ्या पाच तपासण्या

१) न्यूट्रलची तपासणी : गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये ठेवावे. इंजिन एका लयीत चालते का ते ऐकावे. मध्येच ठेच लागल्यासारखा आवाज येत असेल तर पेट्रोल गाडीत प्लग, कॉइल आणि डिझेल गाडीत इंजेक्टर आधी पाहून घ्यावेत. कमी ताकदीत चालणारे इंजिन गाडी उचलताना हमखास हादरे देते आणि बोल मात्र क्लचला लागतो.

२) माउंटिंगची तपासणी : बोनेट उघडून एकाने गाडीच्या बाजूला उभे राहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही, विशेषतः मुले, उभी राहू नयेत. चाकांना दगडाची उटी लावावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा. आत बसलेल्याने ब्रेकवर पाय ठेवून पहिला गिअर टाकावा, क्लच अगदी सावकाश सोडत पकड सुरू होईपर्यंत आणावा आणि लगेच पुन्हा दाबावा. मग रिव्हर्समध्ये तसेच करावे. इंजिन थोडेसे कलणे साहजिक आहे. पण ते उसळी मारत असेल, 'धप्प' आवाज येत असेल किंवा माउंटिंगचे रबर फाटलेले दिसत असेल, तर आधी माउंटिंग बदलावे. ही तपासणी एकदा-दोनदाच करावी, सारखी केली तर क्लच जळतो. क्लच वायरला हात लावण्याआधी मात्र इंजिन बंद करावे.

३) पेडलची तपासणी : इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबून पाहावे. मारुती ८००, ओम्नी यांसारख्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. केबल आतून गंजली किंवा तिचे तंतू तुटायला लागले की पेडल अडखळत वर येते आणि पकडही अडखळतच होते. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तिथे पेडल स्पंजसारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरली असेल किंवा सिलिंडर गळत असेल. केबल बदलणे किंवा हवा काढणे ही तासाभराची कामे आहेत.

४) पुठ्ठ्याची तपासणी : रात्री इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर तेलाचे थेंब दिसले तर आतल्या सीलवर संशय धरावा. काळपट तेल बहुधा इंजिनचे असते. दाट, उग्र वासाचे तेल गिअरबॉक्सचे असते. पातळ, फिकट द्रव असेल तर तो क्लचच्या सिलिंडरचा असू शकतो. पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून सील चांगलेच आहे असे मात्र समजू नये, कारण थोडे तेल आतल्या आत प्लेटच शोषून घेते.

५) घसरण्याची तपासणी : मोकळ्या, सरळ रस्त्यावर ४०-५०च्या वेगात चौथा गिअर टाकून रेस पूर्ण द्यावी. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. प्लेटचे आयुष्य संपत आल्याची किंवा तिच्यावर तेल उतरल्याची ही खूण आहे. जळका वास असेल तर संशयाला जागा उरत नाही.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

वरच्या तपासण्यांनंतर दोष आतच आहे असे ठरले, तर काम एकदाच पण पूर्ण करून घ्यावे. गिअरबॉक्स खाली आला की मालकाने स्वतः जाऊन सगळे भाग पाहून घ्यावेत. फोटो काढून ठेवले तर उत्तम.

प्लेटवर तेल दिसले तर ते कुठून आले हे आधी शोधावे. फ्लायव्हीलच्या बाजूने येत असेल तर इंजिनचे मागचे क्रँक ऑईल सील, गिअरबॉक्सच्या बाजूने येत असेल तर इनपुट शाफ्टचे सील. गळके सील तसेच ठेवून नवी प्लेट टाकली, तर तीही तेलात भिजणार आणि थरथर परत येणार. तेलकट प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर धरून पुन्हा बसवणे हा उपाय नाही. अस्तरात मुरलेले तेल गाडी तापली की पुन्हा वर येते. भिजलेली प्लेट बदललीच पाहिजे.

फ्लायव्हीलकडे नीट पाहावे. निळे डाग, बारीक चिरा, चरे असतील तर त्यावर नवी प्लेट लावून भागत नाही. साध्या फ्लायव्हीलचे फेसिंग लेथवर करून घेता येते, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा तो पातळ होता कामा नये. चिरा खोल असतील तर बदलावा. काही डिझेल गाड्यांत दोन भागांचा, आत स्प्रिंग असलेला ड्युअल मास फ्लायव्हील असतो. तो सैल झाला तरी गाडी सुटताना हादरे येतात. त्याला साध्या फ्लायव्हीलसारखे लेथवर लावू नये, झीज मर्यादेबाहेर गेली असेल तर तो बदलावाच लागतो आणि तो महाग असतो. म्हणून आपल्या गाडीत कोणता फ्लायव्हील आहे हे अंदाजपत्रक घेतानाच विचारावे.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे. बेअरिंग स्वस्त असते, पण ते नंतर वाजायला लागले तर तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी भरावी लागते.

बसवतानाच्या चुका

नव्या सेटलाही थरथर येते, ती बऱ्याचदा बसवण्यातल्या घाईने. नव्या प्रेशर प्लेटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो पुसून काढावा लागतो. प्लेटवर ग्रीसचा हात लागता कामा नये. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस नखभरच लावायचे, जास्त लावले तर ते फिरताना उडून प्लेटवर जाते.

प्लेट मधोमध बसवण्यासाठी अलाइनमेंट टूल किंवा डमी शाफ्ट वापरावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकामागून एक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. तेवढ्या भाराने प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवी कोरी प्लेट पहिल्याच दिवसापासून थरथरते. त्यामुळे खाली जॅक आणि मदतीला दुसरा माणूस असलेल्या ठिकाणीच हे काम द्यावे.

जुन्या क्लच प्लेटींच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जायचे. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी.

खारी हवा आणि पुळण

एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, अशा चिंचोळ्या पट्टीवर तारकर्ली-देवबागची वस्ती आहे. इथल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. पावसाळ्यात पर्यटन थंडावते आणि गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. मुंबईकर चाकरमान्यांच्या घरी ठेवलेल्या गाड्यांचेही तेच. अशा गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटूनही बसते. मग पेडल पूर्ण दाबले तरी गिअर पडत नाही, कर्रकन आवाज येतो. अशा वेळी जबरदस्तीने गिअर ढकलू नये, मेकॅनिकला बोलवावे.

हे टाळायचे तर उभी गाडी आठवड्यातून एकदा चालू करून थोडी फिरवावी. नुसते इंजिन सुरू करून बंद केले तर क्लच घासला जात नाही, दोन-चार वेळा पुढे-मागे तरी घ्यावी. गाडी शक्यतो छपराखाली, फरशीवर ठेवावी.

दुसरा शत्रू पुळण. किनाऱ्यावर गाडी उतरवू नये. अंगणातल्या किंवा पार्किंगच्या वाळूतही चाक रुतले की चालक रेस देत राहतो, हाफ क्लचवर गाडी झुलवतो. पाच मिनिटांत जळका वास येतो आणि कित्येक महिन्यांची झीज तेवढ्यात होते. त्यापेक्षा लगेच थांबावे, चाकासमोरची वाळू हाताने काढावी, चाकाखाली माडाची चुडते किंवा गोणपाट घालावे, टायरची हवा थोडी कमी करावी आणि कमी रेसवर गाडी काढावी. जमले नाही तर दोरी बांधून ओढून घ्यावी. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नये.

क्लच जाळणाऱ्या सवयी

देवबागच्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की एकाला मागे घ्यावेच लागते. रिव्हर्स गिअर जड ओढीचा असल्याने तिथे थरथर जास्त जाणवते आणि रेस देत मागे घेतल्याने प्लेटही जास्त तापते. रिव्हर्स घेताना शक्य तिथे रेस न देता, नुसत्या चालू इंजिनावर गाडी सरकू द्यावी.

आंगणेवाडीची जत्रा असो की गणपतीत महामार्गावरची रांग, गाडी इंचाइंचाने पुढे नेऊ नये. समोर दोन गाड्यांची जागा झाली की मगच पुढे घ्यावी. मध्ये थांबलो की न्यूट्रल करून पाय काढावा.

आंबोली, फोंडा किंवा करूळ घाटात चढावर थांबताना क्लचवर गाडी तोलून धरू नये. हँडब्रेक ओढावा, सुटताना क्लच पकडू लागला की हँडब्रेक सोडावा. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवयही मोडावी. तेवढ्या हलक्या दाबानेही पकड ढिली पडते आणि रिलीज बेअरिंग सतत झिजत राहते.

तशीच चालवली तर?

सकाळपुरती हलकी थरथर असेल तर घाई नाही, लक्ष ठेवावे. थरथर वाढत असेल तर दुरुस्ती सीझन सुरू होण्याआधी करून घ्यावी, कारण तोच हादरा माउंटिंग आणि एक्सलच्या जॉइंटलाही बसत असतो. क्लच घसरत असेल, जळका वास येत असेल किंवा गिअर पडायला त्रास होत असेल, तर पर्यटक भरून घाटात जाऊ नये. भरलेली गाडी चढावर ओढेनाशी झाली, तर ती मागे येण्याचा धोका असतो.

गॅरेजमध्ये काय सांगावे, काय मागावे

'गाडी थरथरता' एवढेच सांगून भागत नाही. थरथर थंड असताना की गरम झाल्यावर, पहिल्या गिअरमध्ये की रिव्हर्समध्येही, न्यूट्रलमध्ये आहे की नाही, वास किंवा गळती आहे का आणि सेट आधी कधी बदलला होता, या पाच गोष्टी सांगाव्यात. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी.

काम सुरू होण्याआधी पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. सील आणि फ्लायव्हीलचे फेसिंग त्यात धरले आहे का, हे विचारावे. नवा सेट आपल्यासमोर खोक्यातून काढायला सांगावा, पक्के बिल घ्यावे आणि जुने पार्ट परत मागून घ्यावेत. जुन्या प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजले असेल, तेलाने काळे पडले असेल किंवा जळून भेगाळले असेल, तर खर्च योग्य कारणासाठी झाला. अस्तर जाड, कोरडे आणि एकसारखे निघाले, तर थरथरीचे कारण दुसरीकडे आहे. अशा वेळी गिअरबॉक्स पुन्हा चढण्याआधीच फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि माउंटिंग दाखवायला सांगावे.